महापुराच्या छावणीत वापरलेल्या क्लोरीनच्या गोळ्या (20 लिटरवाल्या), रिव्ह्यू

5 पैकी 4 स्टार. गोळीत खोट काही नाही, एक स्टार कापलाय तो ती ज्या पद्धतीने वाटली जाते त्यासाठी.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला तेव्हा सांगली-कोल्हापूरकडची लाखो माणसं घरदार सोडून शाळा, मंगल कार्यालयं, पाहुण्यांकडे अशी जाऊन राहिली होती. आम्ही गावातली पोरं एका शाळेतल्या छावणीत पाण्याचं बघत होतो. नळ बंद, कारण उपसा करणारे पंपच बुडालेले, आणि विहिरींत पुराचं पाणी शिरलेलं, त्यात संडासाचं, मेलेल्या जनावरांचं सगळंच मिसळलेलं. मदत म्हणून यायचे बाटल्यांचे बॉक्स. देणाऱ्यांचं मन मोठंच, पण हिशोब करून बघा, छावणीत माणशी दिवसाला 15 लिटर तरी पाणी लागतं (पिणं, स्वयंपाक, हात-अंग धुणं धरून, जगभर हाच आकडा धरतात), म्हणजे पाच जणांच्या घराला 75 लिटर, लिटरच्या बारा बाटल्यांचे सहाहून जास्त बॉक्स रोज! आणि दहा गोळ्यांची स्ट्रिप खिशात मावते, 200 लिटर पाणी पिण्याजोगं करते. अशी गोळी नागपूरच्या नीरीने (सरकारी पर्यावरण संशोधन संस्था) बनवली होती, अर्ध्या ग्रॅमची एक 20 लिटरला पुरते, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहितीये.

आता वापराचं. गढूळ पाण्यात डायरेक्ट गोळी टाकली तर वाया जाते, क्लोरीन गाळातच खर्च होतो. आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्या, वरचं नितळ पाणी सुती साडीच्या घड्यांतून गाळून घ्या, मग गोळी, मग झाकण लावून अर्धा तास हात लावायचा नाही. बांगलादेशात मतलब नावाच्या भागात नुसत्या जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळायला शिकवलं तर कॉलरा जवळपास निम्म्याने कमी झालेला, त्यामुळे ही पायरी सोडू नका प्लीज.

मापाचा घोळ सगळ्यात जास्त. घागर वेगळ्या मापाची, बादली वेगळी, कळशी वेगळी, आणि गोळी सगळ्यात एकच. कुठे वास मारतो म्हणून लोक पाणी ओतून देतात, कुठे कमी पडते. आम्ही थंड पाण्याचे 20 लिटरचे रिकामे जार गोळा केले, एक जार एक गोळी, विषय संपला. जलसुरक्षक (गावचं पाणी तपासणारे) आले की ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का याची तपासणी, करून घ्यायचो, पाण्याला पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे, आणि तो रंग डोळ्याने बघितल्यावर बायकांचा विश्वास बसला, आमच्या सांगण्याने बसला नव्हता.

आणि भांडं! शुद्ध केलेल्या पाण्यात दिवसभर दहा हात तांब्या घेऊन बुडणार असतील तर काय उपयोग? मलावीमध्ये मोझांबिकच्या निर्वासितांच्या छावणीत 1993 साली काही घरांना झाकण आणि तोटी असलेल्या बादल्या दिल्या, हात आत जाणारच नाही अशा, तर पाच वर्षांखालच्या लेकरांची हगवण 31 टक्क्यांनी कमी झाली. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, पूरग्रस्तांना गोळ्या पाठवत असाल तर सोबत घरटी एक नळवालं झाकणाचं भांडं पाठवा, बाटल्यांचे पैसे तिकडे वळवा. नुसती स्ट्रिप हातात देऊन फोटो काढून जाणाऱ्यांचा खूप राग येतो मला.

गोळीने सगळंच होत नाही हेही सांगतो. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) चिखलातून, पायाच्या जखमेतून येतो, त्याला गमबूट आणि डॉक्टर सांगतील ते डॉक्सीसायक्लिन. हात धुवायला साबण वेगळा लागतोच. काही जंतू क्लोरीनलाही दाद देत नाहीत, त्यामुळे गॅस असेल तर तान्ह्या लेकराचं पाणी उकळूनच द्या.

घेताना एक्स्पायरी बघा, पाकीट दमट झालेलं नको. आणि स्ट्रिप दिसते अगदी तापाच्या गोळीसारखी, आमच्याकडे एका आजींनी जेवल्यावर घ्यायची का म्हणून विचारलं होतं, पोटात गेली तर भयंकर. औषधांच्या पिशवीत घालून कधीच वाटू नका, वेगळी द्या, वर मार्करने मोठ्या अक्षरात लिहा "पाण्यात टाकायची, गिळायची नाही, 20 लिटरला 1" आणि पोरांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवायला सांगा.