बॅग गाडीतून, आपण वाळूतून: पोर्तुगालच्या किनाऱ्यावरचं पायी फिरायचं पॅकेज

पायी फिरायला पैसे कशाला मोजायचे, असं आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या वहिनी निघेपर्यंत म्हणत होत्या. त्यांचंही खरं आहे. पोर्तुगालच्या नैऋत्येला अटलांटिकच्या कड्यांवरून जाणाऱ्या ‘मच्छीमारांच्या वाटे’ला तिकीट नाही, गेट नाही. गळ टाकायला कोळी ज्या पायवाटांनी जायचे, त्याच या. खांबावर हिरवा-निळा पट्टा दिसला की बरोबर चाललाय, फुली दिसली की मागं फिरायचं. गाइड लागतच नाही. मग पॅकेजवाला देतो काय? खोल्या, नाश्ता, मोबाइलवर नकाशा, आणि आपली बॅग पुढच्या गावात पोचवणारी गाडी.

त्या गाडीतच पैसे वसूल होतात. पोर्तो कोव्हो ते मिलफोंतिश हा टप्पा कागदावर 20 किलोमीटर, आणि त्यातली बरीच वाट भुसभुशीत वाळू. पाऊल रुततं, मागं सरकतं, दुपारपर्यंत पोटऱ्या भरून येतात. जांबोटी-चोर्ल्याच्या रानात दिवसभर हिंडणारी आमची मंडळी इथं बारा वाजताच सावली शोधायला लागली, आणि सावली तर नावालाही नाही. माहितीपत्रात या टप्प्याला नुसतं ‘मध्यम’ म्हटलंय. वाळूचा उल्लेख ठळक पाहिजे होता. घोट्यापर्यंतचे बूट आणि त्यावर गेटर, म्हणजे वाळू आत जाऊ न देणारं कापडी आवरण, घाला, नाहीतर दर तासाला बूट झटकत बसाल.

वाटेच्या उत्तर टोकाजवळ सिनेश आहे, वास्को द गामाचं गाव. बेळगावच्या माणसाला वास्को म्हणजे लोंढ्यावरून जाणाऱ्या गाडीचं शेवटचं स्टेशन, त्यामुळं आम्हाला उगीच घरचं वाटलं.

सगळ्यात भारी टप्पा अल्मोग्राव्ह ते झांबुजैरा. वाटेत सार्दांवच्या भूशिराजवळ दीपगृह आहे, तिथं घाई करू नका. समुद्रात सुटा उभा राहिलेला सुळका, त्याच्या टोकावर काटक्यांचा ढीग आणि त्यात पांढरा करकोचा. खाली लाटा फुटून तुषार वर येतात, त्याला फिकीर नाही. जोडीदार उतरला की दोघं मान पार पाठीवर टाकून चोच कटकट वाजवतात; वाऱ्यातही ऐकू येतं. समुद्रातल्या कड्यावर करकोच्यांची घरटी दुसरीकडं कुठं नाहीत म्हणतात. एप्रिल-मेमध्ये जा, रानफुलंही असतात. तिकडच्या भर उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, जाऊ नका.

जेवणात आसोर्दा मागा. शिळा पाव, लसूण, भरपूर कोथिंबीर, ऑलिव्ह तेल, वरून कढत पाणी आणि अंडं. कोथिंबिरीच्या वासानं निम्मा थकवा गेला. पेर्सेबिश नावाचे शिंपल्यासारखे जीव लाटा आदळणाऱ्या खडकांवरून जीव धोक्यात घालून काढतात. दिसायला भयाण, चवीला नुसता समुद्र. महाग आहेत, एक प्लेट चौघांत पुरे.

तक्रार एकच, पण मोठी. एका मुक्कामी चारला येणारी बॅग सात वाजून गेले तरी नाही. फोन केला की “येतोय, पाच मिनिटं”. ही पाच मिनिटं आपल्याकडचीच वाटली! घामट कपड्यांत, वाळूभरल्या मोज्यांत बसून राहिलो. औषधं आणि एक सदरा पाठीवरच्या पिशवीत ठेवा.

ओदेसैशला सैश नदी ओलांडली की आलेंतेजु प्रांत संपतो, आल्गार्व्ह प्रांत सुरू. आमच्यातले एक काका पुलावर थांबून म्हणाले, “सीमा असावी तर अशी, ना मोर्चा ना खटला.” सगळे हसलो.

पूर्ण वाट सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण पोर्तो कोव्हो ते ओदेसैश हे चार टप्पे पन्नाशीच्या पुढच्यांना भरपूर झाले. बॅगेचे पैसे बिनधास्त द्या. दुपारचा डबा मात्र पॅकेजमधून काढायला सांगा, कोरडं सँडविच आणि एक सफरचंद असतं त्यात. सकाळी गावातल्या दुकानातून ताजा पाव, चीज, टोमॅटो घ्या, सोबत घरची शेंगाची चटणी असू द्या, आणि पाणी दोन लिटरच्या खाली नको. मध्ये दुकानं फारशी लागत नाहीत.