साठ लायसन्स, एकशे सव्वीस माणसं

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत औषधांची खोकी आणि लेबलं छापणाऱ्या कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळतो. माल बहुतेक वेर्ण्याच्या औषध कंपन्यांना जातो. तीन पाळ्या चालतात. छपाई, कटिंग, गोदाम आणि तपासणी मिळून ३८ टर्मिनलं, म्हणजे कामाच्या जागचे संगणक, आहेत. एका टर्मिनलावर सकाळी एक माणूस बसतो, दुपारी दुसरा, रात्री तिसरा. ऑफिसात आणखी १४ जण. आमची जी फसवणूक झाली ती याच पाळ्यांच्या हिशेबातून झाली, म्हणून हे आधी सांगतो.

उत्पादनाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं तेव्हा पणजीचा एक डीलर आला. माणूस अभ्यासू वाटला. दोन दिवस तो शॉप फ्लोअरवर फिरला, पाळी बदलताना उभा राहून मोजणी केली आणि एक एक्सेल तक्ता बनवून दिला. एका वेळी जास्तीत जास्त किती जण काम करतात? ५२. "साठ लायसन्स घ्या साहेब, आठ हाताशी राहतील," असं म्हणाला. तो आकडा मी स्वतः तपासला. तो बरोबर होता, आजही बरोबर आहे.

एका लायसन्सचे १८,००० रुपये, साठांचे १०,८०,०००. वर १८ टक्के जीएसटी आणि दरवर्षी २० टक्के देखभाल खर्च. कोटेशनवर लिहिलं होतं '६० यूजर'. सोबतच्या ई-मेलमध्ये त्याने 'एका वेळी ६०' असं स्पष्ट म्हटलं होतं. ३१ मार्चच्या आत सही केली तर सूट, नंतर नाही, असा त्याचा आग्रह होता. ऑर्डर फॉर्म त्यानेच भरून आणला आणि आमच्या डायरेक्टरांनी २९ मार्चला सही केली. फॉर्म चार पानांचा होता. मी पहिलं पान वाचलं, रकमा ताडून पाहिल्या आणि पुढे पाठवला.

सॉफ्टवेअर बसवायच्या दिवशी त्याच्या इंजिनिअरने माणसांच्या नावाने लॉगिन केलेच नाहीत, टर्मिनलांच्या नावाने केले. प्रेस-१, प्रेस-२, कटिंग-३, असे ३८. ऑफिसातल्या १४ जणांचे तेवढे नावाने. मला खटकलं, कारण औषध कंपन्यांचे तपासनीस नोंद कोणी केली हे विचारतात. मी डीलरला फोन लावला. तो म्हणाला, "लायसन्स एका वेळच्या वापरावर आहे, माणसं कोण मोजतंय? नोंदीत कामगाराचा नंबर टाकायला एक रकाना देतो." रकाना दिला आणि विषय मिटला.

पुढची दोन वर्षं लायसन्सवर नजर ठेवायचं काम मी मनापासून केलं. डॅशबोर्डवर हिरवी पट्टी असायची: ६० पैकी ५२. दर महिन्याला त्याची प्रिंट काढून फाइलला लावायचो.

चवथीच्या आदल्या आठवड्यात सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मूळ कंपनीकडून लायसन्स पडताळणीची नोटीस आली. मुदत तीस दिवसांची. अर्धे कामगार घरी माटोळी, गणपतीवरची फळापानांची सजावट, बांधायला गेलेले, आणि मी कपाटातून दोन वर्षांची पाळीपत्रकं काढत बसलेलो. त्यांना डॅशबोर्ड नको होता, नावं हवी होती. सॉफ्टवेअरला हात लावलेला प्रत्येक माणूस, मग लॉगिन कोणाचंही असो. कामगार नंबराचा तो रकाना इथे आमच्याच विरुद्ध पुरावा ठरला. एकूण २०३ नावं निघाली.

तेव्हा कुठे मी ऑर्डर फॉर्मचं तिसरं पान वाचलं. मोजमाप: नेम्ड यूजर. खाली व्याख्या होती की थेट किंवा सामायिक लॉगिनमधून सॉफ्टवेअर वापरणारी प्रत्येक व्यक्ती एक यूजर धरली जाईल. त्या ओळीपुढची खूण डीलरच्याच पेनाची, वरच्या तारखेच्या शाईशी जुळणारी. ई-मेलमध्ये 'एका वेळी' लिहिणाऱ्या हाताने फॉर्मवर 'नावानिशी' निवडलं होतं आणि मग तो फरक झाकला जाईल असे लॉगिन बनवून दिले होते. मी याला चूक म्हणत नाही. चूक एका कागदावर होते, ही तीन ठिकाणी जुळवून केलेली होती.

त्याने केलेली मोजणी खरी होती, पण विकलेल्या लायसन्सची ती मोजणी नव्हती, आणि मी दोन वर्षं हाच चुकीचा आकडा राखत बसलो.

मागणी अशी आली: २०३ मधून ६० वजा, राहिले १४३. सूट रद्द, म्हणून दर २४,०००. म्हणजे ३४,३२,००० रुपये, अधिक मागल्या दोन वर्षांची देखभाल १३,७२,८००. एकूण ४८,०४,८००, जीएसटी वेगळा. पत्रात कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब चा उल्लेख होता. त्यात किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड अशी तरतूद आहे. डायरेक्टरांचा चेहरा उतरला. फोंड्याच्या आमच्या वकिलांनी सांगितलं, त्या कलमात बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरण्याची अट आहे, तुम्ही पैसे भरून घेतलं आहे, घाबरू नका. ई-मेलबद्दल मात्र त्यांनी निराश केलं. लेखी करारातला शब्द बाहेरच्या बोलण्याने किंवा आधीच्या पत्राने सहसा बदलता येत नाही. फसवणूक झाली असं म्हणता येईल, पण ती सिद्ध करायला वर्षं जातील, आणि ते भांडण डीलरशी. मूळ कंपनीकडे सहीचा कागद आहे.

डीलरला फोन केला तर म्हणाला, "मी असं कधी म्हटलंच नाही, फॉर्मवर तुमची सही आहे." ई-मेल परत पाठवला, त्यावर उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्याकडून नवं कोटेशन आलं, कमी पडणाऱ्या १४३ लायसन्सचं.

वाचवलं ते एका कलमाने. कायमचा काम सोडून गेलेल्या माणसाचं लायसन्स दुसऱ्याला देता येत होतं. बायोमेट्रिक हजेरी आणि भविष्यनिधीच्या नोंदी काढून मी ७७ जण कायमचे गेल्याचं दाखवलं. बरेचसे कंत्राटी कामगार होते. उरले १२६, म्हणजे ६६ कमी. महिनाभर पत्रव्यवहार करून जुना दर मिळवला. ११,८८,००० आणि दोन वर्षांची देखभाल ४,७५,२००, त्यावर जीएसटी धरून १९,६२,५७६ रुपये भरले. त्या वर्षी नवं कटिंग मशीन यायचं होतं, ते आलं नाही.

सर्वांत जास्त लागलं ते यानंतर. तडजोडीच्या वेळी मूळ कंपनीचं पूर्ण दरपत्रक पहिल्यांदा हातात आलं. त्यात तिसरा प्रकार होता: डिव्हाइस लायसन्स. टर्मिनल मोजायचं, त्यावर किती माणसं बसतात ते नाही. दर तोच, १८,०००. म्हणजे ३८ टर्मिनलं आणि ऑफिसचे १४, एकूण ५२ लायसन्स, ९,३६,००० रुपये. आम्ही पहिल्या दिवशी भरले त्यापेक्षा कमी, आणि तिन्ही पाळ्या कायदेशीर. पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यासाठी हाच प्रकार असतो. विंडोज सर्व्हर वापरायला लागणाऱ्या सीएएल लायसन्समध्येही यूजर आणि डिव्हाइस अशी हीच फोड आहे. दोन दिवस पाळी बदलताना उभा राहिलेल्या माणसाला हे सुचलं नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

तेव्हापासून मी आमचे बाकीचे करारही ओळ न् ओळ वाचले. प्रत्येकाचं मोजायचं माप निराळं. एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस कोरवर, म्हणजे प्रोसेसरच्या गाभ्यांच्या संख्येवर, घेतला तर व्हर्च्युअल मशीनला (एका सर्व्हरमध्ये सॉफ्टवेअरने बनवलेल्या संगणकाला) दोनच कोर दिले असले तरी किमान चार कोरचे पैसे लागतात, तिथे माणसं मोजून उपयोग नाही. ओरॅकलने जानेवारी २०२३ पासून जावा या प्रोग्रामिंग प्रणालीची नवी वर्गणी कर्मचारीसंख्येवर नेली. जावा किती जण वापरतात हा आकडा तिथे गैरलागू, आणि कर्मचाऱ्यांत कामाला घेतलेले कंत्राटी लोकही येतात. डिझाइनच्या फ्लोटिंग, म्हणजे सगळ्यांनी आळीपाळीने वापरायच्या, लायसन्सला मात्र एका वेळचा आकडाच हवा. सर्व्हरच्या लॉगमध्ये किती वेळा नकार मिळाला ते पाहिलं की लायसन्स कमी की जास्त ते कळतं. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आत येणारी माणसंही मोजली जाऊ शकतात. २०१७ साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने सॉफ्टवेअर कंपनी एसएपी विरुद्ध मद्य कंपनी डियाजिओ या खटल्यात तेच धरलं, आणि तिथे मागणी ५ कोटी ४० लाख पौंडांहून जास्त होती.

तुमच्याकडे असा डीलर येईल तेव्हा 'किती यूजर' यावर थांबू नका. यूजर म्हणजे कोण, ती व्याख्या ज्या पानावर आहे ते पान आधी मागा. मूळ कंपनीचं सगळ्या प्रकारांचं दरपत्रक मागा. डीलर तोंडी किंवा ई-मेलमध्ये जे सांगतो ते ऑर्डर फॉर्मवर त्याच शब्दांत लिहून घ्या. करार नेम्ड यूजरचा असून लॉगिन माणसांच्या नावाने नसतील तर काम थांबवा. आणि महिन्याची प्रिंट काढताना करारातलं मोजमाप तिच्या डोक्यावर लिहा. 'नेम्ड यूजर' एवढे शब्द मी तिथे लिहिले असते, तर पहिल्याच महिन्यात ५२ हा आकडा मला खोटा वाटला असता.

गेल्या महिन्यात डिचोलीच्या एका कारखान्यातून ओळखीच्या मुलाचा फोन आला. नवं सॉफ्टवेअर बसतंय, लॉगिन मशीनच्या नावाने करून देताहेत, ठीक आहे ना? मी डीलरचं नाव विचारलं. तोच होता. फॉर्मचं तिसरं पान उघड, म्हटलं. थोडा वेळ पानांचा आवाज आला. "सर," तो म्हणाला, "सही उद्या आहे."