एफईए मॉडेल दुसऱ्याला द्यायचंय: बीडीएफ, आयएनपी, सीडीबी की यूएनव्ही?

महापेमधल्या डिझाइन ऑफिसातून तळोज्याच्या फॅब्रिकेटरकडे किंवा वागळे इस्टेटमधल्या दुसऱ्या कन्सल्टंटकडे एफईए (फायनाइट एलिमेंट अ‍ॅनालिसिस, म्हणजे वस्तूचे छोटे तुकडे कल्पून ताण मोजणं) मॉडेल द्यायची वेळ येते, तेव्हा ई-मेलमध्ये बहुधा एवढंच असतं: "मॉडेल एक्स्पोर्ट करून पाठवा." कोणत्या फाइलमध्ये, हे कुणी लिहीत नाही. मग सॉफ्टवेअरच्या एक्स्पोर्ट मेनूत जो पर्याय पहिला दिसतो तो निवडला जातो, आणि दोन दिवसांनी समोरून फोन येतो की मेश (त्या तुकड्यांची जाळी) उघडला, पण लोड (लावलेले भार) कुठे आहेत?

फाइल ठरवण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या: समोरचा माणूस या मॉडेलचं करणार काय? त्याच सॉल्व्हरवर (गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) पुन्हा रन करणार, वेगळ्या सॉल्व्हरवर पडताळणी करणार, की नुसते रिझल्ट बघणार? त्याला स्वतः नव्याने मेश करायचा असेल तर या लेखातलं काहीच लागत नाही, स्टेप फाइल, म्हणजे मूळ घन आकाराची फाइल द्या. एसटीएल मात्र देऊ नका. तिच्यात फक्त पृष्ठभागाचे त्रिकोण असतात, एकक नसतं आणि गोल भोकाचा गोलपणाही उरत नाही.

सॉल्व्हर तोच असेल तर

इथे दुसरा विचार नको, त्या सॉल्व्हरची स्वतःची इनपुट फाइलच द्यावी. फरक पडतो तो ती कशी काढली यावर.

अ‍ॅन्सिसमध्ये सीडीराइट कमांडने सीडीबी फाइल मिळते. आधी ऑलसेल (सगळं निवडणारी कमांड) द्या, नाहीतर मागच्या कामातलं अर्धवट सिलेक्शन तसंच राहिलेलं असतं. डीबी पर्याय निवडला की नोड (मेशचे बिंदू), एलिमेंट (त्यांना जोडणारे तुकडे), मटेरियल, सेक्शन, कॉम्पोनंट आणि लोड जातात, मूळ घन भूमिती जात नाही. निर्देशांक दशांशानंतर १३ अंकांपर्यंत लिहिले जातात, त्यामुळे अचूकतेची काळजी नाही. मोठा खड्डा वेगळाच आहे: लोड फक्त चालू लोड स्टेपचे (भाराच्या एका टप्प्याचे) लिहिले जातात. हायड्रोटेस्ट, ऑपरेटिंग आणि वारा असे तीन लोड स्टेप असतील तर सीडीबीत एकच सापडेल. अ‍ॅन्सिसचं वर्कबेंच वापरणाऱ्यांनी त्यापेक्षा मेकॅनिकलमधून 'राइट इनपुट फाइल' करावं. त्या फाइलमध्ये सगळे स्टेप क्रमाने येतात.

एबॅकसमध्ये जॉब मॉड्यूलमधून 'राइट इनपुट' केलं की आयएनपी मिळते. वाचायला ही सगळ्यांत सोयीची. ताऱ्याने सुरू होणारे कीवर्ड, स्वल्पविरामाने तोडलेले आकडे, आणि नोड सेट, एलिमेंट सेट, सरफेस यांना तुम्ही दिलेली नावं जशीच्या तशी. अडचण येते ती पार्ट (एक भाग) आणि इन्स्टन्सच्या (असेंब्लीतल्या त्याच्या प्रतीच्या) रचनेमुळे. प्रत्येक पार्टमध्ये नोड क्रमांक १ पासून सुरू होतात, म्हणजे 'नोड १' एकाच फाइलमध्ये पाचदा असू शकतो. एबॅकसला ते कळतं, इतर बऱ्याच वाचकांना कळत नाही. कॅल्क्युलिक्स हा सॉल्व्हर एबॅकससारखीच आयएनपी वाचतो, पण पार्ट आणि इन्स्टन्सची रचना त्याला चालत नाही. म्हणून फाइल बाहेर जाणार असेल तर मॉडेलच्या अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये पार्ट-असेंब्ली न वापरण्याचा पर्याय टिक करून सपाट आयएनपी काढा. पाठवण्याआधी ती डेटाचेकमध्ये (न सोडवता फक्त फाइल तपासणाऱ्या रनमध्ये) चालवून बघा, काही मिनिटांचंच काम आहे.

दोन्हीकडे इन्क्लूडने जोडलेल्या फाइल तपासा. मुख्य फाइल पोचते आणि मटेरियलची वेगळी फाइल तुमच्या डी ड्राइव्हवरच राहते, हे नेहमीचं. पाथ पूर्ण न देता फक्त फाइलचं नाव ठेवा आणि सगळं एकाच फोल्डरमधून झिप करा.

बीडीएफ: सगळ्यांना कळते, पण जपून लिहावी लागते

नॅस्ट्रॅन हा सॉल्व्हर १९६० च्या दशकाच्या शेवटी नासासाठी लिहिला गेला आणि त्याची बल्क डेटा फाइल (बीडीएफ) अजूनही पंच कार्डाच्या मापात चालते. एका ओळीत १० रकाने, प्रत्येकी ८ अक्षरांचे. जवळपास प्रत्येक प्री-प्रोसेसर (मॉडेल तयार करणारं सॉफ्टवेअर) ही फाइल वाचतो, म्हणून सॉल्व्हर बदलणार असेल तेव्हा हिचा विचार आधी होतो, आणि तो बरोबरच आहे.

पण त्या ८ अक्षरांत उणे चिन्ह आणि दशांशबिंदूही बसवायचे असतात. एक्स निर्देशांक १०५२३.४५६७ मिलिमीटर असेल तर छोट्या रकान्यात १०५२३.४६ उरतो. तोच उणे असेल तर -१०५२३.५, म्हणजे चार शतांश मिलिमीटरहून जास्त सरकला. पाइप रॅकच्या बीम मॉडेलला याने काही होत नाही. नोझलच्या फिलेटवर (पाइपजोडाच्या गोलसर कोपऱ्यावर) ०.३ मिलिमीटरचे एलिमेंट असतील किंवा काँटॅक्टच्या दोन पृष्ठभागांत शून्य अंतर असायला हवं असेल, तिथे मात्र खोट्या फटी आणि वेडेवाकडे एलिमेंट तयार होतात. ओरिजिन प्लांटच्या कोपऱ्यात आणि व्हेसल (दाबाची टाकी) ४० मीटर दूर असेल तर हे हमखास होतं. उपाय सोपा आहे: एक्स्पोर्ट करताना लार्ज फील्ड निवडा. रकाना १६ अक्षरांचा होतो, नोडची एक ओळ दोन ओळींत जाते. १० लाख नोडसाठी नोडचा भाग साधारण ५० एमबीऐवजी १०० एमबी होईल, पण टेक्स्ट फाइल झिप केल्यावर चांगली आक्रसते.

अजून दोन गोष्टी. नॅस्ट्रॅन घातांक लिहिताना 'ई' गाळू शकतो, ७.८५-९ असं. घरच्या पायथन स्क्रिप्टला ते वजाबाकीसारखं दिसतं. आणि ग्रिड कार्डातला (नोडच्या ओळीतला) सीपी रकाना दंडगोल अक्षप्रणालीकडे बोट दाखवत असेल, तर पुढचे तीन आकडे त्रिज्या, कोन आणि झेड असतात. कच्चा कन्व्हर्टर त्यांना एक्स, वाय, झेड समजतो आणि गोल शेलचा चपटा पत्रा करून टाकतो. एक्स्पोर्टआधी सगळे नोड मूळ अक्षप्रणालीत आणलेले बरे.

नुसती बल्क डेटा पाठवली तर केस कंट्रोलचा भाग मागे राहतो, आणि कोणता एसपीसी (नोड धरून ठेवणारी सपोर्टची अट) कोणत्या लोडबरोबर घ्यायचा हे समोरच्याला अंदाजाने ठरवावं लागतं. पूर्ण डेक (सगळी इनपुट फाइल) द्या.

यूएनव्ही आणि मेड

यूएनव्ही ही जुन्या आय-डीआसची फाइल. २४११ क्रमांकाच्या डेटासेटमध्ये नोड, २४१२ मध्ये एलिमेंट, २४६७ मध्ये ग्रुप, आणि १६४ मध्ये एकक. एककाची नोंद फाइलमध्येच असते, हा तिचा खरा गुण, कारण बीडीएफ आणि आयएनपीत ती सोय नाही. मोडल टेस्टिंगवाल्यांकडे (कंपनांची चाचणी करणाऱ्यांकडे) ५८ चा डेटासेट रोजच्या वापरातला आहे, म्हणून टेस्ट आणि एफईए जुळवायचं असेल तर यूएनव्हीच घ्या. मेश करणारं सालोमे सॉफ्टवेअर ती वाचतं. लोड आणि मटेरियल नीट पोचतील या भरवशावर मात्र राहू नका. घातांकात 'डी' येतो, तेवढं स्क्रिप्टमध्ये बदलून घ्यावं लागतं.

समोरचा सालोमे आणि त्याच्या जोडीचा सॉल्व्हर कोड_अ‍ॅस्टर वापरत असेल तर मेड फाइल जास्त बरी. ती एचडीएफ५ वर आधारलेली बायनरी आहे, अचूकता पूर्ण राहते, ग्रुपही टिकतात.

नुसते रिझल्ट बघायचे असतील तर

व्हीटीयू फाइल द्या, ती उघडणारा पॅराव्ह्यू फुकट आहे. फाइल लिहिताना मूळ नोड क्रमांक वेगळ्या अ‍ॅरेत टाका, कारण पॅराव्ह्यूमागची व्हीटीके लायब्ररी ० पासून स्वतःचे क्रमांक मोजते. अ‍ॅन्सिस मेकॅनिकलमधून टेक्स्ट काढणार असाल तर आधी ऑप्शन्समधल्या एक्स्पोर्ट विभागात नोडचं स्थान लिहिण्याची सेटिंग चालू आहे का ते बघा. बंद असेल तर नुसते क्रमांक आणि स्ट्रेस मिळतील, जागा कळणार नाही.

सॉल्व्हर बदलताना काय गळतं

नोड आणि कोपऱ्यांची जोडणी सहसा नीट पोचते. १० नोडच्या टेट्राचा (चार पृष्ठांच्या एलिमेंटचा) क्रमही एबॅकस आणि नॅस्ट्रॅनमध्ये सारखाच आहे. २० नोडच्या हेक्सात (विटेसारख्या एलिमेंटात) मात्र फरक आहे: एबॅकस आणि अ‍ॅन्सिस तळानंतर माथ्याचे मधले नोड लिहितात, नॅस्ट्रॅन आधी उभ्या कडांचे. कन्व्हर्टर इथे चुकला तर सॉल्व्हर जेकोबियनची (एलिमेंटचा आकार बिघडल्याची) एरर देऊन थांबतो, म्हणजे निदान चूक लपत नाही.

लपते ती जोडणीची चूक. अ‍ॅन्सिसमधला बॉन्डेड काँटॅक्ट (चिकटलेली जोडणी) हा काँटा१७४ आणि टार्ज१७० एलिमेंटचा असतो, मेकॅनिकलमधला प्रेशर बहुतेक वेळा सर्फ१५४ वर बसलेला असतो. दुसरीकडे वाचताना हे एलिमेंट गाळले जातात आणि कुठलीही एरर न येता नोझल व्हेसलच्या शेलपासून सुटा होतो. एबॅकसच्या टाय या तशाच जोडणीचंही तेच. शेल (पातळ पत्र्याचे) एलिमेंट असतील तर जाडी, ऑफसेट आणि नॉर्मलची दिशा स्वतंत्र तपासा. नॉर्मल उलटला की शेलवरच्या प्रेशरचं चिन्ह उलटतं. मेशआयओ हे पायथनचं पॅकेज मेश बदलायला उत्तम आहे, पण त्याच्याकडून लोड आणि सपोर्टची अपेक्षा ठेवू नका.

एककांचं तर लिहूनच द्या. मिलिमीटर, टन, सेकंद घेतले तर पोलादाची घनता ७.८५ गुणिले १० चा उणे ९ वा घात आणि गुरुत्वत्वरण ९८१०. कुणी घनता किलोमध्ये, म्हणजे उणे ६ व्या घाताने भरली तर स्टॅटिक प्रेशरचं उत्तर अगदी बरोबर येईल आणि नैसर्गिक वारंवारता ३१.६ पट कमी येईल.

म्हणून फाइलबरोबर चार आकडे पाठवा: एकूण वस्तुमान, गुरुत्वमध्य, प्रत्येक लोड केसची रिअ‍ॅक्शनची बेरीज आणि सपोर्ट काढून केलेल्या मोडल रनच्या पहिल्या दहा वारंवारता. नॅस्ट्रॅनमध्ये पॅरामीटर जीआरडीपीएनटी दिला की पहिले दोन छापून येतात. मोकळ्या मॉडेलला शून्याजवळचे बरोबर ६ मोड हवेत. १२ दिसले तर एक भाग सुटा आहे. वस्तुमान, गुरुत्वमध्य आणि रिअ‍ॅक्शन तंतोतंत जुळायला हव्यात. दुसऱ्या ऑर्डरच्या (कडांवर मधले नोड असलेल्या) टेट्राच्या लिनिअर मॉडेलमध्ये डिफ्लेक्शन १ टक्क्याच्या आत यावं, शेल किंवा रिड्यूस्ड इंटिग्रेशनच्या (कमी बिंदूंवर गणित करणाऱ्या) हेक्सात थोडं जास्त चालेल.

समोरून सॉल्व्हरचं नावच कळत नसेल तर लार्ज फील्डमधली पूर्ण बीडीएफ, स्टेप आणि हे चार आकडे असा एक झिप द्या. स्वतःची मूळ इनपुट फाइलही सोबत टाका आणि सॉल्व्हरचं व्हर्जन फाइलच्या नावातच लिहा.