अंगाला बसणारे झटके लहान मुलाला समजावताना: उचकीचा दाखला की मेंदूचा निरोप?

ताईची मान अचानक झटकते, खांदा उडतो आणि धाकटं भावंड विचारतं, "ही असं का करते?" उत्तर देण्याच्या दोन रीती आहेत.

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला उचकीचा दाखला पुरतो. "उचकी तू मुद्दाम काढतोस का? ताईचा खांदाही तसाच आपोआप उडतो." वैद्यकीयदृष्ट्याही हे खरं आहे, कारण उचकी म्हणजे श्वासपटलाला बसणारा झटकाच. मायोक्लोनससाठी (स्नायूंना अचानक बसणारे क्षणिक झटके) हा दाखला चपखल बसतो. टिक्ससाठी (पुन्हापुन्हा होणाऱ्या त्याच त्या अचानक हालचाली किंवा आवाज) मात्र तो तोकडा पडतो. टिक बरेचदा थोडा वेळ दाबता येते, मग मूल विचारतं, "शाळेत थांबवते, मग घरी का नाही?" अशा वेळी मुलाला पापणी न लववता बघायला सांगा. थोड्याच वेळात डोळे चुरचुरतात आणि पापणी लवतेच. मोठ्या मुलांना टिकच्या आधी आतून जी ओढ जाणवते, ती साधारण अशीच असते. उचकीच्या दाखल्याची आणखी एक अडचण: मुलं ताईला पाणी आणून देतात, नाहीतर दचकवतात. यातलं काही करायचं नाही, हे आधीच सांगून ठेवा.

सहा वर्षांपुढे मेंदूचा निरोप जास्त टिकाऊ. कागदावर माणूस काढा, मेंदूपासून हातापर्यंत रेघ ओढा. "मेंदू हाताला निरोप पाठवतो. कधीकधी न ठरवता निरोप सुटतो आणि हात उडतो." पुढे औषध सुरू झालं तर तेही याच चित्रावर दाखवता येतं. पण 'मेंदू बिघडला', 'वायर तुटली' असे शब्द टाळा. लहान मुलं ते शब्दशः घेतात आणि घाबरतात. पाचाच्या आतल्या मुलाला ही रीत आम्ही सुचवणार नाही.

रीत कुठलीही निवडा, तीन गोष्टी सांगायच्याच: हे तुझ्यामुळे झालेलं नाही, तुला याची लागण होणार नाही, आणि "थांब" म्हणायचं नाही. टिककडे लक्ष वेधलं की ती वाढते.

समजावण्याआधी कारण डॉक्टरांकडून कळलेलं हवं. झटक्याच्या वेळी मूल हाकेला प्रतिसाद देत नसेल, किंवा घशाच्या संसर्गानंतर काही आठवड्यांनी हातपाय वेडेवाकडे हलू लागले असतील, तर मोबाइलवर व्हिडिओ घेऊन लवकर दाखवा. झोपेतून उठल्यावर तान्ह्या बाळाला एकामागून एक झटके येत असतील, तर त्याच दिवशी.