कुकरात भात शिजतो पण गरम राहत नाही: रिपेअर, हॉटपॉट की नवीनच घ्यायचा?

आमच्याकडे रात्रीचं जेवण तीन हप्त्यांत होतं. सासूबाई साडेसातला, मुलगा क्लासवरून आला की तो आणि मी नऊला, आणि हे नाशिकच्या अंबडला कंपनीत, सेकंड शिफ्ट असली की सिडकोत घरी पोचेपर्यंत साडेअकरा. त्यामुळे इलेक्ट्रिक राईस कुकरचं वॉर्म, म्हणजे शिजलेला भात गरम ठेवायची सोय, गेलं तेव्हा सगळं टाइमटेबलच कोलमडलं. तुमच्याकडे सगळे एकाच पंगतीला बसत असतील तर खरं सांगू, काहीच करू नका, भात शिजतोय ना मग वापरत राहा. खर्च करायचा की नाही हे पहिला जेवणारा आणि शेवटचा जेवणारा यांच्यात किती तास जातात त्यावर ठरवा, कुकर किती जुना झालाय ते नंतर.

आणि खर्चाआधी भिंतीवरचं बटण बघा, हसू नका. आमच्याकडे पहिले दोन दिवस गुन्हेगार सासूबाईच निघाल्या, कुकर टक् वाजला की त्या बटण बंद करायच्या, "झाला की भात, आता कशाला लाइट जाळायची". त्यांचं अगदीच चूक नाही म्हणा, ७०० वॅटचा कुकर अर्धा तास चालला तर ०.३५ युनिट आणि ४० वॅटचं वॉर्म पाच तास चालू ठेवलं तर ०.२ युनिट, म्हणजे शिजवण्याच्या निम्म्याहून जास्त वीज नुसती गरम ठेवायला.

बटण चालू ठेवूनही भात गारच, तेव्हा कळलं की बिघाड खरा आहे. आता आत काय होतं ते थोडक्यात सांगते, म्हणजे रिपेअरवाल्यासमोर नुसती मान हलवायला नको. पाणी आहे तोवर भांड्याचा तळ १०० डिग्रीच्या आसपासच राहतो, पाणी आटलं की तापमान वर जातं, साधारण १०३ ला मधल्या मॅग्नेटची पकड सुटते, लिव्हर उडतं आणि तोच तो टक् आवाज. त्यानंतर साध्या कुकरमध्ये करंट एका छोट्या हीटरमधून वळून जातो, त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, भरपूर, म्हणून ७०० वॅटचे ३०-४० वॅट होतात. म्हणजे भात नीट शिजत असेल तर मोठी कॉइल, वायर आणि थर्मल फ्यूज चांगले आहेत, गेलाय तो हा छोटा हीटर नाहीतर त्याचं कनेक्शन. काही मॉडेलमध्ये गरम ठेवायला वेगळा थर्मोस्टॅट असतो, तोही जातो. वॉर्मचा दिवा लागतोय म्हणून हीटर चालू आहे असं मात्र समजू नका, बऱ्याच कुकरमध्ये हीटर तुटला तरी दिवा लागतोच, आम्ही त्यावरच फसलो. आणि कुकर पूर्णच मेला असेल, दिवाही नाही, तर ती गोष्ट वेगळी, तिथे बहुतेक वायर किंवा फ्यूज.

तर रिपेअर. वॉरंटीत असेल तर स्क्रूला हातही लावू नका, बिल शोधा. नसेल तर मिक्सर-गीझर दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. मल्टिमीटर लावून रेझिस्टन्स मोजला की ७०० वॅटची मोठी कॉइल साधारण ७५ ओम दाखवते, छोटा हीटर चांगला असेल तर हजाराच्या पुढे, काहीच दाखवत नसेल तर तो गेला. आमचं साडेतीनशेत झालं. मी आधी ज्याच्याकडे गेले होते तो म्हणाला फ्यूज काढून डायरेक्ट करून देतो, तिथून मी कुकर उचलून परत आणला. तो फ्यूज कुकर जास्त तापला तर एकदाच उडायला ठेवलेला असतो, तो काढून वायर जोडायची म्हणजे ओट्यावर आगीला आमंत्रण. दुरुस्ती नव्या कुकरच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत बसत असेल तर करा, त्यापुढे मी तरी नाही करणार.

हॉटपॉट हा दुसरा मार्ग, आणि दोन-अडीच तासांचा प्रश्न असेल तर मला तोच सगळ्यात शहाणा वाटतो. लाइट गेली तरी फरक नाही, आणि पावसाळ्यात आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. भांडी बाजारात हजाराच्या आतबाहेर बरा मिळतो. आधी त्यात उकळतं पाणी दहा मिनिटं ठेवून ओतून द्या आणि भात गच्च भरा, मोठ्या हॉटपॉटात दोन मुठी भात ठेवला तर डिसेंबरच्या थंडीत तासाभरात कोमट होतो. पण साडेअकरापर्यंत त्याच्या भरवशावर राहू नका. शिजलेला भात ६० डिग्रीच्या खाली तासन् तास राहिला की त्यात बॅसिलस सिरियस नावाचे जंतू वाढतात, त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही, म्हणजे सकाळी फोडणी देऊन ते झाकता येत नाही. इतका उशीर असेल तर भात पसरून पटकन गार करायचा, फ्रिजमध्ये ठेवायचा आणि वाढताना वाफ येईपर्यंत गरम करायचा.

नवीन घ्यायचाच असेल तर पुन्हा तोच काचेच्या झाकणाचा घेऊ नका. त्यात उष्णता फक्त खालून, कडेने वाफ निसटते, म्हणून तळाला भात पिवळा कडक आणि वर गार. आम्ही घोटीकडचा इंद्रायणी खातो, चिकट, त्याची तर खाली पोळीच बसते. बंद झाकणाचा, डब्यासारखा जो येतो त्याला भिंतींना इन्सुलेशन असतं, काहींना बाजूने आणि झाकणातही हीटर, त्यात चार-पाच तास भात चांगला राहतो. महाग आहे, आणि झाकणातलं वाफेचं पाणी रोज पुसावं लागतं, नाहीतर वास. इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये डाळही होते पण नुसत्या भातासाठी तो कशाला.

एक राहिलंच, कुकर अर्धा कच्चा भात ठेवून वॉर्मवर उडी मारत असेल तर हीटरला दोष देऊ नका, भांड्याखाली भाताचं शीत अडकलंय का किंवा तळ चेपलाय का ते बघा. आमचं भांडं एकदा सिंकमध्ये आपटलं होतं, तेव्हा हेच झालं होतं.

आम्ही शेवटी दुरुस्तीच केली, आणि एक छोटा हॉटपॉटही आणला. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात कुकर वॉर्मवर असतो, फर्स्ट शिफ्ट लागली की भिंतीवरचं बटण पुन्हा सासूबाईंच्या ताब्यात.