लायकोची सल्लासेवा: विश्वस्त स्वतः जाणार असतील तरच घ्यावी

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाची लायको ही संस्था १९९२ पासून इतर धर्मादाय नेत्र रुग्णालयांना काम वाढवायला मदत करते. आधी त्यांची माणसं येऊन पाहणी करतात, मग रुग्णालयाची टीम मदुराईला जाऊन आराखडा तयार करते, पुढे पाठपुरावा. सेवा उत्तमच आहे. फसते ती बहुतेक वेळा घेणाऱ्याच्या बाजूने.

मदुराईत सगळ्यांची नजर ऑपरेशन थिएटरवर खिळते. एका सर्जनला दोन टेबलं. एका पेशंटचा मोतीबिंदू काढून होईतो शेजारचा तयार असतो, सर्जन मायक्रोस्कोप वळवून लगेच कामाला लागतो. मग परत आल्यावर पहिली खरेदी होते ती दुसऱ्या टेबलाची, आणि शस्त्रक्रियांचा आकडा जिथल्या तिथे! सर्जनचा वेळ टेबलामुळे वाचत नाही, हाताखालच्या मुलींमुळे वाचतो. अरविंद खेड्यापाड्यातल्या मुली निवडून त्यांना दोन वर्षं स्वतः तयार करतं. आपल्याकडे मानद डॉक्टर आठवड्यातून दोन दुपारी येणार आणि एकच नर्स ड्रॉप घालण्यापासून केसपेपरपर्यंत सगळं बघणार. तिथे चार टेबलं मांडली तरी काय होणार?

पूर्णवेळ सर्जन नेमणं, नर्सची भरती, शिकून तयार झालेल्या मुली टिकाव्यात म्हणून पगार वाढवणं, हे निर्णय व्यवस्थापकाच्या हातात नसतात. म्हणून एकट्या व्यवस्थापकाला पाठवू नये. सह्यांचा अधिकार असलेला विश्वस्त, मुख्य सर्जन, नर्सिंगप्रमुख आणि शिबिरांचं बघणारा माणूस, एवढे तरी सोबत हवेतच.

जाताना तीन वर्षांचे आकडे न्यावेत: सर्जनमागे शस्त्रक्रिया, एका शस्त्रक्रियेचा खरा खर्च, पैसे भरणारे आणि मोफत पेशंट. सगळ्यात बोलका आकडा वेगळाच, आणि तो सहसा कुणी ठेवत नाही. शस्त्रक्रिया सुचवलेल्या शंभरांपैकी प्रत्यक्षात किती जणांची झाली? शिबिरात ‘सोमवारी या’ सांगितलं की गळती ठरलेली. एसटीचं भाडं, सोबत कोण, जेवणाचं काय. अरविंद पेशंटला शिबिरातूनच बसने घेऊन जातं.

पैशाचं गणित मात्र जसंच्या तसं उचलू नये. तिथे पैसे भरणाऱ्यांवर मोफत विभाग चालतो. तालुक्याच्या गावी असे पेशंट कमी, सरकारी अनुदान उशिरा येणार, म्हणून काही महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच वाढीचे आकडे ठरवावेत.

आराखडा विश्वस्त मंडळाच्या ठरावात आला पाहिजे, नाहीतर मंडळ बदललं की फाइल कपाटात. दर महिन्याच्या बैठकीत शस्त्रक्रियांच्या संख्येशेजारी ६/१८ (निरोगी नजरेला अठरा मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून चांगली दृष्टी मिळालेल्यांचं प्रमाणही मांडावं. जागतिक आरोग्य संघटनेचा जुना निकष किमान ८० टक्क्यांचा आहे. संख्या वाढताना हे प्रमाण घसरलं, तर आधी निर्जंतुकीकरण आणि लेन्सच्या मोजमापाकडे बघावं, नवी शिबिरं तोवर थांबवावीत.