वापरानंतरचा अनुभव : स्वयंपाकघर रात्री उघडं असतं का, ते आधी विचारा

संस्थेचं नाव लिहिणार नाही. साडेचार महिने त्यांनी आम्हाला फुकट ठेवून घेतलं, आणि पुढे माझ्या दोन-तीन तक्रारी आहेत. ज्यांचं मीठ खाल्लं त्यांचं नाव घेऊन तक्रार करवत नाही. पण इस्राएलमध्ये किंवा दुसरीकडे कुठे मूल हॉस्पिटलात घालून, आजारी मुलांच्या कुटुंबांसाठी हॉस्पिटलजवळ चालवलेल्या अशा फुकट घरात राहायची वेळ कोणावर आलीच, तर काय बघायचं एवढं तरी कळावं म्हणून लिहितेय.

आम्ही दक्षिण इस्राएलमधल्या दिमोनाचे, मूळ ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी. नात सात वर्षांची. रक्ताचा कॅन्सर. आधी बेर-शेवाला उपचार चालायचे, ते पस्तीसेक किलोमीटर, घरून जाऊन-येऊन निभायचं. मग आजार उलटला आणि बोन मॅरो बदलायचं ठरलं. लहान मुलांचं हे काम देशात मोजक्याच ठिकाणी होतं, आणि त्यातलं एकही आमच्या वाळवंटाजवळ नाही. शिवाय मूल महिनाभर बंद खोलीत, आणि बाहेर आल्यावरही शंभराव्या दिवसापर्यंत हॉस्पिटलच्या आसपासच राहायचं. ताप ३८ च्या वर गेला की तासाभरात दारात हजर व्हायचं. दिमोनाहून ते कसं जमणार? लेकीने नोकरी सोडली, जावई दर शुक्रवारी यायचा, आणि मी व नातू त्या घरात. नातू अकरा वर्षांचा. मॅरो त्याचाच जुळला, त्यामुळे त्याचा भाव वधारलेला.

इथे अशी सोय नवी नाही. आजाऱ्याच्या समाचाराला जाणं, बिकुर खोलिम, ही आपल्या यहुदींकडे मित्स्वा, म्हणजे धर्माने सांगितलेलं कर्तव्य. त्याच नावाने न्यूयॉर्क-बॉस्टनलाही हॉस्पिटलांजवळ यहुदी कुटुंबांसाठी खोल्या ठेवलेल्या असतात. इथली मोठी संस्था म्हणजे १९७९ साली बने ब्राकमध्ये सुरू झालेली एझर मित्सियोन. पेताह तिकवा शहरात कॅन्सरच्या मुलांच्या कुटुंबांसाठी त्यांचं ओरानित नावाचं घर आहे, आणि मॅरो देणाऱ्यांच्या त्यांच्या यादीत दहा लाखांवर नावं आहेत. आम्ही राहिलो ते घर त्यामानाने लहानसं. तीन मजले, चौदा खोल्या.

खोलीबद्दल फार लिहीत नाही. दोन पलंग, एक ओढून काढायचा पलंग, स्वच्छ न्हाणीघर. प्रत्येक वस्तूवर दात्याच्या नावाची पाटी. दारावर ब्रुकलिनचे कोणी आजोबा, फ्रिजवर त्यांची बहीण, आणि खाली कपडे धुण्याच्या मशीनवर एक अख्खं कुटुंब. नातू म्हणायचा, “आजी, आज माझे मोजे कोहेनांकडे टाक.”

खरी किंमत अंतराची. हॉस्पिटल चालत सात मिनिटांवर. तुम्ही म्हणाल, टॅक्सी असते की. शब्बाथला, शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ, नसते, म्हणजे आपल्यासाठी नसते; त्या दिवशी गाडीत बसायचं नाही, विजेचं बटण दाबायचं नाही. जीव धोक्यात असेल तर शब्बाथ मोडायचाच, त्यात वाद नाही. पण रात्रभर जागलेल्या आईला सोडवायला आजी निघाली तर ती धडधाकट, तिने चालायचं. बंद खोलीत एका वेळी एकच मोठं माणूस. शुक्रवारी रात्री जेवून मी निघायची, लेक परत यायची, आणि रस्त्यात सिग्नलजवळ आमची गाठ पडायची. एवढ्यात ती मला सांगायची : पांढऱ्या पेशी किती, उलट्या किती, काय खाल्लं. लिफ्ट शब्बाथला आपोआप प्रत्येक मजल्यावर थांबते, तिला वैतागू नका.

आता स्वयंपाकघर. कोशेर, म्हणजे यहुदी खाण्याच्या नियमांचं : मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून मांसाचं वेगळं, दुधाचं वेगळं. दोन सिंक, दोन गॅस, भांड्यांवर लाल आणि निळी चिकटपट्टी. मला त्याचा त्रास झाला नाही. आपलं कालवण नारळाच्या दुधातच होतं, दुधाचा प्रश्न येतो कुठे! शिवाय हे नियम पाळले जातात का ते बघायला मशगियाख, भला माणूस, पण कोशेरची छाप नसलेली मोहरीसुद्धा आत येऊ देत नसे. स्वयंसेवक शुक्रवारी गरम जेवण आणून देत, मोठ्यांना ते पुरून उरायचं. मुलीला त्यातलं काही चालत नव्हतं. बाहेरचं नाही, कच्चं नाही, सॅलड नाही, केलं की लगेच खायचं. डाळीवर वरून कोथिंबीरसुद्धा नाही, ती उकळीत घालायची. म्हणजे चूल हाताशी हवीच.

आणि ही चूल रात्री अकरा ते सकाळी सहा कुलपात!

ती बाहेर आल्यानंतर तिच्या तळव्यांवर लाल पुरळ उठलं, भावाच्या पेशी अंगाशी भांडायला लागल्याचं लक्षण. स्टिरॉइड सुरू झालं. ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, स्टिरॉइडवरचं मूल पहाटे तीनला उठतं आणि भुकेने रडतं. दोन महिने जिने घास तोंडात घेतला नव्हता ती म्हणतेय, “आजी, वरणभात.” आणि मी कुलपासमोर उभी. बिस्किटं दिली, ती तिने भिंतीवर मारली. सकाळी ऑफिसात गेले तर आगीचा धोका, विम्याची अट, सगळं ऐकवलं. मी म्हटलं, मुलांचं घर आहे ना हे? मग मुलं कधी जेवतात ते बघा. आठ दिवस भांडले. माझी हिब्रू भांडताना बरी होते. शेवटी किल्ली रात्रीच्या पहारेकऱ्याकडे ठेवायचं ठरलं. त्यानंतर पहाटे तीनला आम्ही तीन घरची माणसं तिथे भेटायला लागलो : मी, मध्य आशियातून आलेले एक बुखारी यहुदी आजोबा आणि एक हरेदी, म्हणजे कट्टर धार्मिक घरातली आई. कोणी कोणाला काही विचारत नसे. भात शिजेपर्यंत उभं राहायचं.

दुसरी तक्रार फोटोंची. देणगीदार आले की मुलांना खाली बोलावलं जाई. केस गेलेल्या, तोंड सुजलेल्या मुलीचा फोटो कशाला? आम्ही नाही म्हटलं, तर चालवून घेतलं, पण चेहरे उतरले. नाही म्हणता येतं, एवढं लक्षात ठेवा.

एक स्वयंसेविका सांगायची, समाचाराला येणारा आजाराचा साठावा भाग घेऊन जातो. मी म्हटलं, मग साठ जण आण. ती हसली, तालमूद या जुन्या धर्मग्रंथात हाच हिशेब आधीच कोणी विचारून ठेवलाय. उत्तर असं की प्रत्येक जण उरलेल्याचा साठावा नेतो. आमच्या बंद खोलीत तर एकालाही आत येऊ देत नव्हते.

न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, सलग तीन दिवस पाचशेच्या वर गेले, म्हणजे नवा मॅरो रुजला, तेव्हा मलिद्याचा नवस फेडायचा होता; मलिदा हा आम्हा बेने इस्राएलांचा गोड पोह्यांचा प्रसाद. अश्दोदच्या भावजयीने पोहे पाठवले. मशगियाखने पाकीट दोन्हीकडून फिरवून पाहिलं, छाप नाही. मी म्हटलं, तांदूळच आहे, चेपलेला. त्याने रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना फोन लावला. उत्तर आलं : सामाईक स्वयंपाकघरात नाही, स्वतःच्या खोलीत हरकत नाही. १९६४ पर्यंत इथल्या रब्बींच्या लेखी आम्ही बेने इस्राएल पक्के यहुदी की नाही हेच ठरत नव्हतं, तिथे पोह्यांचं काय घेऊन बसता. खोलीत, ओढायच्या पलंगावर परात ठेवून मलिदा कालवला. पोहे, साखर, खोबरं, फळं. एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलिया प्रेषिताचं गाणं म्हटलं. एरवी परातीत ठेवतात तो गुलाब मुद्दाम ठेवला नाही, फुलं त्या वॉर्डात चालत नाहीत आणि मला रात्री परत तिकडेच जायचं होतं. मलिदा मशगियाखनेही मागून खाल्ला, आमच्या ताटातून नाही, कागदी बशीत.

जाताना सोबत न्यायचं : कोशेर छापाचे मसाले, स्वतःचा लहान कुकर, मोठ्या भावंडासाठी काहीतरी. त्याच्याकडे दिवसभर कोणी बघत नाही.

शंभर दिवस होऊन गेले. आता दर पंधरा दिवसांनी तपासणी, रक्त सकाळी सातला. त्यासाठी एका रात्रीची खोली मिळते का विचारलं, तर मिळत नाही. किमान आठवडा, आणि वेटिंगवर बरीच कुटुंबं. त्यामुळे साडेतीनला उठते, डबा भरते, चारला दिमोनाहून निघतो.